पाण्यातल्या गावाच्या कारागीर आळ्या

मुलांनो, आज एका गावाचं कोडं घालते. या गावात गल्ल्या आहेत, चौक आहेत, भाजीबाजार आहे; पण मोटार एकही नाही. रिक्षा नाही, स्कूटर नाही. सायकल चालवायलासुद्धा बंदी! आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं, तर अँब्युलन्स येते पाण्यातून. आगीचा बंब येतो पाण्यातून. गावातला कचरासुद्धा ऐटीत होडीत बसून जातो! सांगा पाहू, कोणतं हे गाव?

बरोबर ओळखलंत. व्हेनिस!

इटली देशाच्या ईशान्य टोकाला एड्रियाटिक समुद्राच्या काठी एक उथळ खाजण आहे. खाजण म्हणजे वाळूच्या लांबट पट्ट्यांमुळे समुद्रापासून वेगळं पडलेलं खाऱ्या पाण्याचं तळं. या खाजणात शंभराहून अधिक छोटी छोटी बेटं आहेत. मऊ चिखलात हजारो लाकडी खांब ठोकून त्यांवर माणसांनी घरं, देवळं, वाडे बांधले आणि चारशेहून जास्त पुलांनी ती बेटं एकमेकांना जोडून टाकली. असं हे पाण्यातलं गाव.

व्हेनिसचं चित्र तुम्ही कॅलेंडरवर पाहिलं असेल. पूल, होडी, होडीत उभा राहिलेला पट्ट्यापट्ट्यांच्या बनियनमधला नावाडी. पण आज आपण पूल बघायला जायचं नाही. आज आपण दुकानं बघायला जायचं!

‘इश्श! दुकानं काय बघायची? ती काय आपल्याकडे नाहीत?’ असं तुम्ही म्हणाल. पण ही दुकानं जरा निराळी आहेत. यांच्या पुढच्या खोलीत वस्तू विकायला ठेवलेल्या असतात आणि मागच्या खोलीत त्याच वस्तू घडत असतात. मागून ठाकठोक ऐकू येते, सरसाचा वास येतो, लाकडाचा भुसा उडतो. चला तर मग, नकाशा उघडा आणि बोट ठेवा. तिकीट लागत नाही!

पाट्या वाचा, पाट्या!

व्हेनिसमध्ये गल्लीला ‘काल्ले’ म्हणतात. गल्ल्या इतक्या अरुंद की काही ठिकाणी दोन्ही हात पसरले, तर दोन्ही बाजूंच्या भिंतींना लागतात. प्रत्येक गल्लीचं नाव भिंतीवर पांढऱ्या चौकोनात काळ्या अक्षरांत रंगवलेलं असतं. ही नावं नुसती वाचली, तरी गावाचा अर्धा इतिहास कळतो.

‘काल्ले देई फाब्री’ म्हणजे लोहारांची गल्ली. ‘स्पादारिया’ म्हणजे तलवारी करणाऱ्यांची. ‘फ्रेत्सेरिया’ ही बाण करणाऱ्यांची. ‘कासेलेरिया’ ही लाकडी पेट्या करणाऱ्यांची. रिआल्तो नावाच्या मोठ्या पुलाशी ‘रूगा देई ओरेझी’ आहे, म्हणजे सोनारांची ओळ. आणि ‘काल्ले देल फोर्नो’, म्हणजे पावाच्या भट्टीची गल्ली, तर गावात एक सोडून अनेक आहेत. पाव सगळ्यांनाच लागतो ना!

ही नावं ऐकून काही आठवलं का? पुण्यात तांबट आळी आहे, बुरूड आळी आहे. मुंबईत कुंभारवाडा आहे. सावंतवाडीत चितार आळी आहे. म्हणजे हजारो मैल दूर असलेल्या गावांनी आपल्या गल्ल्यांना नावं देताना एकच विचार केला : जिथे जो हातांनी काम करतो, तिथे त्याचं नाव.

जुन्या काळी व्हेनिस हे एक स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. त्याचा पैसा व्यापारातून यायचा, आणि या व्यापारात आपला, म्हणजे भारताचाही वाटा होता बरं का! केरळच्या किनाऱ्यावरची काळी मिरी अरबी समुद्र ओलांडून इजिप्तच्या बंदरांत पोचायची आणि तिथून व्हेनिसची जहाजं ती युरोपात न्यायची. १४९८ मध्ये वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून थेट कालिकतला आला आणि हळूहळू मिऱ्यांचा मार्ग बदलू लागला. व्यापार उतरणीला लागला, तरी व्हेनिसच्या हाती एक गोष्ट शिल्लक होती. तिथल्या कारागिरांचे हात!

वाकडी होडी सरळ चालते

पहिलं दुकान होडीचं. व्हेनिसच्या होडीला ‘गोंडोला’ म्हणतात आणि ती जिथे बांधतात त्या जागेला ‘स्क्वेरो’. सान त्रोवासो नावाच्या चर्चजवळ सतराव्या शतकातला एक स्क्वेरो अजून चालू आहे. त्याची इमारत मात्र व्हेनिससारखी दिसतच नाही. डोंगरातल्या लाकडी घरासारखी दिसते. कारण होडीसाठी लाकूड यायचं आल्प्सच्या डोंगरातून, आणि ते कापणारे सुतारही तिथलेच. ते आपल्या घराची आठवण बरोबर घेऊन आले. कालव्याच्या पलीकडच्या काठावर उभं राहिलं, की उताणी पडलेली काळी गोंडोला आणि तिला घासणारे कारागीर दिसतात.

गोंडोला जवळजवळ ११ मीटर लांब असते. म्हणजे तुमच्या शाळेच्या एखाद्या वर्गात ती मावायची नाही! तिच्यासाठी ओक, अक्रोड, चेरी, महोगनी अशी आठ प्रकारची लाकडं लागतात आणि एकूण सुमारे २८० तुकडे जोडून ती तयार होते. जिथे कणखरपणा हवा तिथे ओक, जिथे वाकायला हवं तिथे दुसरं लाकूड. कोणतं लाकूड कुठे, हे शिकायलाच काही वर्षं जातात.

आता खरी गंमत. गोंडोला समोरून नीट पाहिली तर ती वाकडी असते! तिची डावी बाजू उजवीपेक्षा २४ सेंटीमीटर जास्त फुगीर. का बरं? नावाडी मागच्या बाजूला उभा राहतो आणि एकच वल्हं मारतो, तेही उजवीकडे. साधी सरळ होडी एका बाजूने वल्हवली, तर ती गोल गोल फिरत राहील. ही वाकडी होडी मात्र उजवीकडे किंचित कललेली असते. वल्ह्याचा धक्का तिला डावीकडे वळवू बघतो आणि तिचा आकार तिला उजवीकडे ओढतो. दोघांच्या भांडणात होडी सरळ जाते! हे कोणी कागदावर गणित करून काढलेलं नाही. शेकडो वर्षं होड्या बांधता बांधता कारागिरांच्या हातांना ते सापडत गेलं.

वल्हं टेकवायला होडीच्या काठावर एक लाकडी आधार असतो, त्याचं नाव ‘फोर्कोला’. अक्रोडाच्या ओंडक्यातून तो कोरतात. ओंडका आधी काही वर्षं वाळू देतात. घाई केली तर तडा जातो. फोर्कोला दिसते एखाद्या वाकलेल्या हातासारखी. तिच्यात वेगवेगळे खाचे आणि कंगोरे असतात. एका खाचेत वल्हं टेकवलं की होडी पुढे, दुसरीत टेकवलं की मागे, तिसरीत वळण, चौथीत थांबा. म्हणजे मोटारीचा गिअरच म्हणा ना! आणि शिंपी जसं आपलं माप घेऊन सदरा शिवतो, तसा हा कारागीर नावाड्याची उंची आणि वल्हं मारायची लकब बघून फोर्कोला कोरतो. या कारागिरांना ‘रेमेर’ म्हणतात. संपूर्ण व्हेनिसमध्ये ते आता मोजकेच उरले आहेत.

एके काळी या गावात हजारो गोंडोला होत्या. आता परवाना असलेले नावाडी चारशेच्या थोडे वर आहेत. हा परवाना मिळवायला शिक्षण घ्यावं लागतं, परीक्षा द्यावी लागते. शतकानुशतकं हे काम पुरुषांचंच होतं. २०१० मध्ये जॉर्जिया बोस्कोलो हिने हा परवाना मिळवला. ती गोंडोलाची पहिली परवानाधारक महिला नावाडी. मुलींनो, टाळ्या!

राजा कोण, नोकर कोण?

आता एका मुखवट्याच्या दुकानात डोकावू. भिंतीभर चेहरेच चेहरे! सोनेरी सूर्य, चंद्रकोर, मांजर, लांब चोचीचा पक्षी.

व्हेनिसमध्ये दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास कार्निव्हल भरतो. ख्रिस्ती लोकांचा ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आधी ही मौज असते. आपल्या गोव्याचा कार्निव्हल याच दिवसांत, याच कारणाने येतो. व्हेनिसच्या कार्निव्हलची खासियत म्हणजे मुखवटे. इथल्या मुखवटे करणाऱ्यांना १४३६ मध्येच स्वतःच्या संघाची नियमावली मिळाली होती.

‘बाउता’ नावाचा एक पांढरा मुखवटा आहे. त्याची हनुवटी पुढे आलेली असते, त्यामुळे मुखवटा न काढता खाता-पिता येतं आणि आवाजही बदलतो. मग सांगा, समोरचा सरदार आहे की त्याचा नोकर, हे ओळखायचं कसं? नाहीच ओळखता येत! वर्षातले काही दिवस का होईना, सगळे सारखे.

लांब चोचीचा मुखवटा आहे तो प्लेगच्या वैद्याचा. सतराव्या शतकात युरोपात काही वैद्य असा मुखवटा घालत आणि चोचीत सुवासिक वनस्पती भरत. वाईट हवेमुळे प्लेग होतो, असं तेव्हा वाटायचं. तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे खूप नंतर कळलं.

मुखवटा करतात कसा? आधी मातीचा चेहरा घडवतात. त्यावरून प्लॅस्टरचा साचा काढतात. मग कागदाचे तुकडे खळीत भिजवून साच्याच्या आतून थरावर थर दाबतात. वाळला की चेहरा अलगद निघतो. डोळे कापायचे, पांढरा थर द्यायचा, घासायचं आणि मग रंगवायचं. आपल्याकडे पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याच्या उत्सवात देवदेवतांची जी सोंगं नाचतात, त्यांच्यातले कितीतरी मुखवटे असेच कागदाच्या लगद्याचे असतात.

पण ऐका. १७९७ मध्ये नेपोलियनने व्हेनिसचं प्रजासत्ताक संपवलं आणि त्यानंतर कार्निव्हलही बंद पडत गेला. कार्निव्हल नाही, तर मुखवटा कोण घेणार? कारागीर दुसऱ्या कामांना लागले. हा उत्सव पुन्हा मोठ्या प्रमाणावर सुरू झाला थेट १९७९ मध्ये! तेव्हा काही तरुण मुलांनी संग्रहालयातली जुनी चित्रं पाहून, प्रयोग करून करून मुखवटे पुन्हा बनवायला घेतले. मधली साखळी तुटली होती. ती त्यांना नव्याने जोडावी लागली.

होडीत बसलेली पुस्तकं

वाटेत पुस्तकांचं एक दुकान लागतं. नाव ‘आक्वा आल्ता’, म्हणजे ‘उंच पाणी’. भरती आणि वारा एकत्र आले की समुद्राचं पाणी गावात शिरतं, त्याला हे नाव. या दुकानातली पुस्तकं कपाटांतच नाहीत, तर चक्क एका गोंडोलात, नहाणीच्या टबांत रचलेली आहेत! पाणी आलं तर भिजायला नकोत म्हणून. भिजून निकामी झालेल्या जुन्या पुस्तकांचा मागच्या अंगणात जिना केला आहे. त्यावर चढलं की कालवा दिसतो. १२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री मात्र पाणी १८७ सेंटीमीटरपर्यंत चढलं आणि गावातल्या कितीतरी दुकानांची, कार्यशाळांची दैना झाली. २०२० च्या ऑक्टोबरपासून समुद्राच्या तोंडाशी बसवलेले मोठे पोलादी दरवाजे मोठ्या भरतीच्या वेळी वर उचलले जातात.

पुस्तकांचा आणि या गावाचा संबंध फार जुना. आल्दुस मानुतियुस नावाच्या मुद्रकाने पाचशे वर्षांपूर्वी इथेच हातात मावतील अशी छोटी, सुबक पुस्तकं छापली. त्याआधीची पुष्कळ पुस्तकं इतकी जाड असत की वाचायला मेजच हवं. त्याच्याच छापखान्यात १५०१ मध्ये पहिल्यांदा एक अख्खं पुस्तक तिरप्या अक्षरांत छापलं गेलं. कॉम्प्युटरवर अक्षरं तिरपी करायला आपण जे ‘इटालिक’चं बटण दाबतो ना, ते नाव इटलीवरूनच आलं.

आग लागेल म्हणून बेटावर

आता गावाच्या उत्तर काठावरून बोट पकडू. इथे एसटीसारख्या पाण्यातल्या बस असतात, ‘वापोरेत्तो’ म्हणतात त्यांना. थोड्याच वेळात येतं मुरानो बेट. काचेचं बेट!

काचेच्या भट्ट्या पूर्वी मुख्य गावातच होत्या. घरं लाकडाची आणि भट्टीत चोवीस तास आग. १२९१ मध्ये सरकारने हुकूम काढला : भट्ट्या गावाबाहेर न्या. काचवाले मुरानोला आले. आणखी एक फायदा झाला. सगळी विद्या एका बेटावर बंद राहिली. काचेची गुपितं इतकी मोलाची मानत, की कारागिरांनी ती घेऊन परदेशी जायला बंदी होती. तिथे मान मोठा, पण पिंजराही तितकाच पक्का!

काच होते वाळूपासून. वाळू, सोडा आणि चुना यांचं मिश्रण सुमारे १४०० अंश सेल्सिअसला वितळवतात. मग पोकळ लोखंडी नळीच्या टोकाला मधासारखा लालभडक गोळा घेतात आणि कारागीर दुसऱ्या टोकाने फुंकर घालतो. गोळा फुगतो. तो सतत फिरवत ठेवावा लागतो, नाहीतर खाली ओघळतो. मुख्य कारागिराला ‘माएस्त्रो’ म्हणजे गुरुजी म्हणतात. त्याच्याभोवती मदतनीस असतात. कोणी बोलत नाही. गुरुजींचा हात पुढे आला की त्यात नेमका हवा तोच चिमटा पडतो. हे पाठ्यपुस्तकातून येत नाही. शेजारी उभं राहून, बघून बघूनच येतं.

रंग कुठून येतात? धातूंपासून. कोबाल्ट घातलं की गडद निळा, तांबं घातलं की हिरवट निळा, मँगनीजने जांभळा, आणि खऱ्या सोन्याचा अंश घातला की माणकासारखा लाल! साधी काच मुळात हिरवट असते. पंधराव्या शतकात आंजेलो बारोविएर या मुरानोच्या कारागिराने जवळजवळ बिनरंगी, स्फटिकासारखी स्वच्छ काच तयार केली आणि साऱ्या युरोपने तोंडात बोट घातलं.

काचेच्या तुकड्यात इवलीशी फुलं दिसतात, ती कशी करतात ठाऊक आहे? रंगीत काचांचे थर रचून एक जाड गोळा करायचा, त्याच्या आत फुलाचा आकार. मग दोघांनी तो दोन टोकांनी पकडून एकमेकांपासून दूर चालत जायचं. गोळा ताणला जाऊन लांबलचक कांडी होते, पण आतलं फूल मोडत नाही. फक्त बारीक होतं. थंड झाल्यावर चकत्या कापायच्या. बाकरवडी कुठेही कापा, आतलं वेटोळं दिसतंच ना? तसंच हे!

तयार वस्तू लगेच बाहेर ठेवत नाहीत. कमी आचेच्या दुसऱ्या भट्टीत तिला तासन्‌तास हळूहळू निवू देतात. बाहेरचा भाग एकदम गार झाला आणि आतला गरमच राहिला, तर ती आपोआप तडकते.

मुरानोच्या भट्ट्या गॅसवर चालतात आणि एरवी रात्रंदिवस पेटत्या असतात. २०२१ च्या शेवटी युरोपात गॅसचे भाव प्रचंड वाढले. अनेकांना भट्ट्या थंड कराव्या लागल्या. सातशे वर्षं जी आग तेवती ठेवली, ती एका बिलाने विझण्याची वेळ आली! पुढे सरकारी मदत आली, भाव उतरले, काम पुन्हा सुरू झालं. पण ही कला किती नाजूक धाग्यावर उभी आहे, ते त्या हिवाळ्यात सगळ्यांना कळलं.

एक म्हातारी, एक बाई आणि आठ मुली

धाग्यावरून आठवलं. बोट आणखी पुढे जाते आणि येतं बुरानो. लाल, पिवळी, निळी, जांभळी घरं. कोळ्यांचं बेट. पुरुष मासे धरायचे आणि बायका लेस विणायच्या.

आपण क्रोशाची लेस पाहतो, ती सुईला आकडा असलेल्या सळईने विणतात. बुरानोची लेस फक्त साध्या सुईने होते. कागदावर नक्षी काढतात, त्याखाली कापड लावतात, नक्षीच्या रेघांवर धागा टाचतात आणि मधल्या जागा बारीक बारीक टाक्यांनी भरतात. शेवटी टाचलेले धागे कापले, की कापड आणि कागद सुटतात आणि हातात उरते नुसती जाळी. जणू हवेतच घातलेले टाके! म्हणून या कामाचं जुनं नावच ‘पुंतो इन आरिया’, म्हणजे ‘हवेतला टाका’. एका लेसवर अनेक बायका काम करत. एक नक्षी टाचणार, दुसरी भरणार, तिसरी जोडणार.

सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातले राजेराण्या ही लेस मिरवत. मग फ्रान्सने स्वतःचे कारखाने काढले, फॅशन बदलली, व्हेनिसचं राज्य गेलं. एकोणिसाव्या शतकात बुरानोची लेस जवळजवळ बंदच झाली.

१८७२ चा हिवाळा भयंकर होता. खाजणाचं पाणी गोठलं. कोळ्यांच्या होड्या अडकल्या, घराघरांत उपासमार. लोकांना मदत म्हणून पैसे गोळा झाले, पण ते संपल्यावर पुढे काय? काहींच्या मनात आलं, बायकांना जुनी विद्या पुन्हा शिकवली तर घरात दोन पैसे येतील. आंद्रियाना मार्चेलो नावाच्या एका सरदार घराण्यातल्या बाईंनी हे मनावर घेतलं. पण शिकवणार कोण? सगळ्या बेटावर तो अवघड टाका येणारी एकच बाई उरली होती, सत्तरीला आलेली चेंचिया स्कार्पारियोला!

आणि इथेच अडलं. चेंचिया आजीला टाका येत होता, पण तो समजावून सांगता येईना. बोटं भराभर चालायची, ‘असं का?’ विचारलं की उत्तर नाही. तुमच्याही आजीला विचारून पाहा ना, पुरणाचं पीठ किती सैल हवं? ‘हाताला कळतं’ एवढंच ती सांगेल.

मग पुढे आल्या आन्ना बेलोरियो देस्ते. त्या बुरानोच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या. फावल्या वेळात त्या आजीजवळ जाऊन बसल्या. बोटांकडे बघत बघत स्वतः टाका शिकल्या आणि मग त्यांनी तो आठ मुलींना शिकवला. टप्प्याटप्प्याने, शाळेत धडा शिकवतात तसा. त्या आठ मुलींपासून लेसची शाळा उभी राहिली. काही वर्षांतच शेकडो मुली तिथे काम करू लागल्या, घरी पैसे नेऊ लागल्या.

विचार करा. आजी त्याआधी वारली असती तर? बाई जाऊन बसल्या नसत्या तर? आठ मुलींनी कंटाळा केला असता तर? तिघांपैकी एक दुवा जरी निसटला असता, तरी तो टाका जगातून गेला असता. संग्रहालयात जुनी लेस राहिली असती, पण ती करायची कशी हे कोणालाच ठाऊक नसतं.

ती शाळा १९७० च्या सुमारास बंद झाली. त्या इमारतीत आता लेसचं संग्रहालय आहे. बुरानोत ही लेस येणाऱ्या बायका आजही आहेत, पण थोड्या, आणि बहुतेक वयस्क.

तीन प्रश्न विचारा

तुम्ही म्हणाल, व्हेनिसला तर लाखो पर्यटक येतात. मग कारागिरांना काय तोटा?

तोटा असा. १९५१ मध्ये जुन्या व्हेनिस गावात सुमारे पावणेदोन लाख माणसं राहत. २०२२ मध्ये ही संख्या पन्नास हजारांच्या खाली आली. घरं महागली, त्यांची पर्यटकांसाठी खोल्या-हॉटेलं झाली. माणसं गेली की वाण्याचं दुकान बंद होतं, शाळेतली मुलं कमी होतात. मुलं गेली, की कारागिराच्या हाताखाली शिकायला येणार कोण? शिवाय भाडं परवडत नाही म्हणून कारागीर दुकान सोडतो आणि तिथे कारखान्यातून आलेले प्लॅस्टिकचे मुखवटे आणि ‘मुरानोची’ म्हणून परदेशी काच विकणारं दुकान येतं. दिसायला सारखंच, किंमत मात्र दहाव्या हिश्श्याने. खऱ्या काचेला ओळख मिळावी म्हणून तिथल्या प्रांताने १९९४ मध्ये कायदा करून ‘वेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ अशी खूण ठरवली आहे.

आपण मात्र कोणत्याही गावात, कोणत्याही दुकानात तीन प्रश्न विचारू शकतो.

१. हे कोणी केलं?

२. कुठे केलं?

३. कसं केलं? बघायला मिळेल का?

खरा कारागीर या प्रश्नांनी खूश होतो. मुखवटा उलटा करून आतले कागदाचे थर दाखवतो. हातच्या लेसमध्ये दोन फुलं अगदी जुळी नसतात, ती दाखवतो. ज्याला नुसतं विकायचं आहे, तो किंमतच सांगत राहतो. आणि हो, कामाला हात लावायच्या आधी, फोटो काढायच्या आधी परवानगी विचारायची. तो चालू वर्ग आहे असं समजा!

आई-बाबांनाही एक सांगायचं आहे. हाताने केलेली वस्तू महाग असते, दर वेळी घेणं जमेलच असं नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पण मुलाला तासभर त्या ओट्यावर बसू द्या. विकत घेतलेली वस्तू घरात राहते, पाहिलेलं काम डोक्यात राहतं.

आता तुमची आळी

या रविवारी एक काम करा. चारपाच मित्रमैत्रिणी मिळून आपल्या गावातल्या आळ्या, पेठा, वाडे यांची नावं लिहून काढा. त्यांत कामाचं नाव असलेल्या किती? कासार, कुंभार, तांबट, बुरूड, साळी, चितारी... मग त्या आळीत जा. तिथे ते काम अजून चालतं का? चालत असेल, तर सर्वांत वयस्क कारागीर कोण ते विचारा. त्यांच्याजवळ बसा. त्यांच्याकडे शिकायला कोणी येतं का, हेही विचारा. जे पाहाल, ते चित्रं काढून वहीत उतरवा : पहिलं काय, मग काय, मग काय. अवजारांना ते काय म्हणतात, तीही नावं लिहा. वही वर्गात सगळ्यांना दाखवा.

चेंचिया आजीजवळ जाऊन बसायला एकच बाई पुरली. तुम्ही तर चारपाच जण आहात!